अजून बसत नाही?

अगं, शेजारच्या विंगमधली सात महिन्यांची मुलगी सोफ्याला धरून उभी राहते आणि आपला आठ महिन्यांचा होऊनही बसवलं की एका बाजूला कलंडतो, हे तू हल्ली मला रोज सांगतेस. आधी हिशोब तरी नीट कर. तो चौतिसाव्या आठवड्यात झाला. म्हणजे पोटात काढायचे सहा आठवडे त्यानं काचेच्या पेटीत आणि तुझ्या छातीवर काढले. ते वजा कर, राहिले साधारण साडेसहा महिने. लवकर जन्मलेलं बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत डॉक्टर त्याचं वय असंच धरतात, करेक्टेड एज म्हणतात त्याला. लस तेवढी जन्मतारखेप्रमाणेच टोचायची, तिथे सूट नाही. साडेसहा महिन्यांचं बाळ दोन्ही हात पुढे टेकवून बेडकासारखं बसत असेल, मग कलंडत असेल, तर ते अगदी वेळेवर आहे.

आणि समजा पुरे दिवस भरून झाला असता, तरी काय? जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली बाळांच्या हालचालींची आकडेवारी छापली, ती पाच देशांतल्या निरोगी, नीट पोसलेल्या मुलांची आहे. त्यात दिल्लीची मुलंही होती. आधाराशिवाय बसायला कोणाला चार महिनेही लागले नाहीत, कोणाला सव्वानऊ लागले. एकट्यानं चालायला कोणी सव्वाआठ महिन्यांत लागलं, कोणी साडेसतरा महिन्यांनी. मधे एक अख्खं गरोदरपण बसेल गं! रांगण्याचं तर आणखी मजेशीर. चारेक टक्के मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. माझी थोरली त्यातलीच. एक पाय दुमडून, एका हातानं रेटत ती बसल्या बसल्या फरशीभर सरकायची. सगळ्या चड्ड्यांची मागची बाजू झिजून जाळी झाली होती. रांगली नाही तर पाय कच्चे राहतील, असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. ती आता कॉलेजच्या कबड्डी संघात आहे. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं २०२२ मध्ये आपली टप्प्यांची यादी नव्यानं केली, तेव्हा रांगणं त्यातून काढूनच टाकलं.

मला बोलायचंय ते वेगळंच. आपल्याकडे बाळाची प्रगती म्हणजे पाय. पालथं पडलं का, रांगलं का, उभं राहिलं का, चाललं का. दारात आलेला प्रत्येक जण हेच विचारतो, कारण ते दिसतं, त्याचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकता येतो. बोटं काय करतात, डोळे काय करतात, कान काय करतात, हे कोणी विचारत नाही. मला विचारशील तर पहिल्या वर्षातली खरी गंमत तिथंच आहे. काळजी करायची झाली तर तीही आधी तिथलीच करावी.

त्याचे हात बघ. सध्या काहीही उचलताना तो अख्खा पंजा टाकतो ना, खुळखुळा असो की तुझे केस? दोन-तीन महिन्यांनी जेवताना त्याला मांडीवर घे आणि ताटाच्या कडेला भाताचं एक मऊ शीत ठेव. आधी तो पंजानं ओढेल. शीत तळव्याला चिकटेल, मग कुठे गेलं म्हणून तो ताटातच शोधत राहील. रोज हाच उद्योग. आणि एक दिवस अंगठा आणि तर्जनी पुढे येतील, बाकीची बोटं मागे राहतील आणि शीत टिपलं जाईल. शेजारणीला ते दिसणारही नाही. पण बटण लावणं, पेन्सिल धरणं, पोळीचा तुकडा मोडणं, सगळ्याची सुरुवात त्या टिपण्यात आहे. (त्याच दिवसापासून फरशीवरची टाचणी, नाणं, शेंगदाणा आणि रिमोटमधला चपटा गोल सेल उचलून ठेवायला लागायचं. सेल सगळ्यात वाईट. गिळला तर काही तासांत अन्ननलिका जाळतो, तेव्हा वाट न बघता थेट हॉस्पिटल.)

किंवा खुळखुळा त्याच्या डोळ्यांदेखत फडक्याखाली लपवून बघ. आत्ता तो लगेच पंख्याकडे बघायला लागेल, विषय संपला. काही आठवड्यांनी तोच फडकं ओढेल. दिसत नाही तरी वस्तू आहे, हे त्याला कळलं. आणि नेमकी तेव्हाच तुझी पंचाईत होणार, कारण बाथरूमचं दार लावलंस की आकांत सुरू. आई कुठेतरी आहे, मग इथे का नाही! आजवर कोणाच्याही कडेवर जाणारं हे बाळ तुझ्या मावससासूबाईंना बघून ओठ काढेल आणि ‘फार अंगावरचं करून ठेवलंय’ असं तुला ऐकावं लागेल. ऐकून घे, कामाला लाग. बाळ ओळख धरायला लागलं असं आपली आजी म्हणायची, ते हेच. चांगली खूण आहे.

दातांचं तर मनावर घेऊच नकोस. कोणाला चौथ्या महिन्यात येतो, कोणाला वाढदिवसाच्या सुमारास. वरचे आधी आले तर मामाला जड म्हणतात. मामाला म्हणावं, हेल्मेट घालून गाडी चालव, तेवढं पुरे.

आता जरा लक्ष देऊन ऐक. ‘आमचा हा पण सगळं उशिराच शिकला, काही होत नाही’ हे तुला घरोघरी ऐकायला मिळेल. पायांच्या बाबतीत बरेचदा ते खरंही असतं. कानांच्या बाबतीत ते ऐकून गप्प बसायचं नाही. ऐकू न येणारं बाळसुद्धा पहिले काही महिने हुंकार देतं, आवाज काढतं, म्हणून घरात कोणाला शंका येत नाही. मग कोणीतरी थाळी वाजवून बघतं. थाळी आपटली की फरशीला हादरा बसतो, हाताची सावली हलते, बाळ वळतं आणि सगळे खूश. तुझ्या बाळाच्या कानाची तपासणी झाली होती का, डिस्चार्जच्या कागदांत शोध. ओएई असं लिहिलेलं असेल. एनआयसीयूत राहिलेल्या बाळांना बेरा नावाची तपासणीही सांगतात. झाली नसेल तर आपणहून माग, लाजू नकोस.

तशीच नजर. करेक्टेड वयाचे तीन महिने उलटले तरी नजरेला नजर देऊन हसत नाही, पाचव्या महिन्यातही मान धरत नाही, अंग सदा ताठ किंवा अगदीच ढिलं, दहाव्या महिन्यातही बा-बा, दा-दा अशी बडबड नाही, नावानं हाक मारली तरी वळत नाही, असं काही असेल तर दाखवायचं. तुझ्याकडे यातलं काही नाही, तो तर तुझा आवाज आला की पाय झाडतो. पण एक गोष्ट लोक कौतुकानं सांगतात, ती लक्षात ठेव: ‘हा डावखुरा होणार बघ!’ वर्षाच्या आत बाळाला उजवं-डावं नसतं, दोन्ही हात सारखेच चालतात. एकच हात पुढे येत असेल आणि दुसऱ्याची मूठ मिटलेलीच राहत असेल तर डॉक्टरांना सांगायचं. आणि सगळ्यांच्या वर म्हणजे, येत होतं ते यायचं थांबलं, बडबडत होतं ते गप्प झालं, हसत होतं ते बघेनासं झालं, तर त्याच दिवशी फोन. ‘बघू पुढच्या महिन्यात’ नको.

दाखवलं आणि काही निघालं नाही, तर काय बिघडलं? निघालं तर व्यायाम, कानाचं यंत्र, जे काही लागेल ते लवकर सुरू होतं, आणि या वयात लवकर म्हणजे पुष्कळ. तुझ्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींचा नातू दीड वर्षाचा होऊनही हाकेला ओ देत नाही म्हणालीस ना? त्यांना सांग, अंगणवाडीताईंना गाठा आणि जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीची, म्हणजे लहान मुलांच्या लवकर तपासणी-उपचाराच्या केंद्राची, चिठ्ठी घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, त्यातली ही केंद्रं आहेत. तपासणी आणि उपचार फुकट. ठाऊक नसतं म्हणून लोक थांबून राहतात गं.

आत्यांनी वॉकर पाठवलाय तो माळ्यावर टाक. त्यात बसून मूल लवकर चालायला शिकत नाही, उलट पाय वापरायची सवय चुकीची लागते. आणि जिना किंवा उंबरा आला की उलटतं. कॅनडानं तर २००४ साली वॉकरवर बंदीच घातली. त्यापेक्षा तो जागा असेल तेव्हा सतरंजीवर पोटावर टाक, समोर स्टीलचा डबा ठेव आणि तू तिथंच भाजी निवडत बस. कुरकुरेल, कुरकुरू दे थोडं. झोपवताना मात्र पाठीवरच.

पुढच्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लशीला जाशील तेव्हा ते माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर ने. त्यात टप्प्यांची चित्रं आहेत, फक्त लशींच्या तारखा नाहीत. विचारायचं ते आधी कागदावर लिही, कारण सुई टोचली, तो रडायला लागला की तुला एकही प्रश्न आठवणार नाही. आणि कागद नवऱ्याच्या हातात दे. तू बाळाला घे, त्यानं विचारावं.