घरचा पेरू : लावा, खा, टिकवा

शाळेबाहेरच्या गाडीवर तिखटमीठ लावून मिळणारा पेरू आपण गरिबाचे फळ मानत आलो. पण १०० ग्रॅम पेरूत सुमारे २२८ मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व असते. तेवढ्याच संत्र्यात जेमतेम ५३! भारतातून येताना सामानात ताजा पेरू आणता येत नाही. तेव्हा घरीच लावावा हे बरे.

लागवड : दक्षिण फ्लोरिडा, हवाई, दक्षिण कॅलिफोर्निया येथे पेरू जमिनीत लावता येतो. लहान रोप २७-२८ अंश फॅरनहाइटला दगावते. म्हणून न्यू जर्सीत मी तो कुंडीत ठेवते आणि थंडीआधीच दक्षिणेकडच्या खिडकीपाशी घरात घेते. बीपासून झाड लावल्यास मूळ जातीचे गुण उतरतीलच असे नाही. गुटी कलम घ्यावे. (आपली प्रसिद्ध ‘सरदार’ ऊर्फ लखनौ-४९ ही जात १९२७ साली पुण्याच्या गणेशखिंड केंद्रात निवडली गेली.) फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून वसंतात हलकी छाटणी करावी. फळमाशीमुळे तुमच्या भागात क्वारंटाइन असेल, तर घरची फळे शेजारीही नेऊ नयेत.

जेली : पिकलेल्या फळांत थोडे कच्चट पेरू मिसळावेत, त्यांत पेक्टिन जास्त. फोडी बुडतील इतक्या पाण्यात शिजवून रस कापडातून आपोआप गळू द्यावा. पिळल्यास जेली गढूळ होते. कपभर रसाला पाऊण ते एक कप साखर व थोडा लिंबाचा रस घालून मिश्रण २२० अंशांपर्यंत आटवावे.

बरण्या : पूर्वी वर मेण ओतत, ते आता सुरक्षित मानत नाहीत. काचेच्या कॅनिंगच्या बरणीत पाव इंच जागा सोडून गरम जेली भरावी, झाकण लावून बरणी उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवून १० मिनिटे ठेवावी. हजार फुटांहून उंच गावी वेळ वाढवावा. बरण्या वर्षानुवर्षे चालतात. चपटी झाकणे मात्र दर वेळी नवी घ्यावीत. तिथे काटकसर नको.

मधुमेह असलेल्यांनी जेलीपेक्षा ताजा पेरू बेताने खावा. जास्तीच्या फोडी साखरेविना फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. आटवण्यात ‘क’ जीवनसत्त्व बरेच जाते, गोठवण्यात कमी. आमच्याकडे त्याच फोडींची हिवाळ्यात गूळ-मोहरी घालून भाजी होते.