परसबागेत फुलपाखरे आणि शिंजीर



या पानावर नेहमी लागण, खत, पाणी यांची माहिती असते. आजचा पाठ परसबागेचा आहे, पण त्याचा संबंध उसाशीही येतो.

चित्रात फुलासमोर हवेत तरंगत मध पिणारा हमिंगबर्ड आपण पाहतो. तो फक्त अमेरिकेकडच्या खंडांत आढळतो. आपल्याकडे फुलातला मध पिणारा तसाच चिमुकला पक्षी म्हणजे शिंजीर. लांबी जेमतेम १० सेंटिमीटर, चोच बाकदार. जास्वंद, डाळिंब, शेवगा, केळफूल यांवर तो हमखास येतो. डहाळीला कोळिष्टकांनी बांधलेली लोंबती पिशवी हे त्याचे घरटे. जळमट समजून ते काढू नका. पिल्लांना तो किडे व कोळी भरवतो.

फुलपाखरांना दोन प्रकारची झाडे लागतात.

१) मधासाठी : झेंडू, झिनिया, सदाफुली. गच्च पाकळ्यांच्या फुलांपेक्षा एकेरी फुलांत मध सहज मिळतो. रोपे उन्हात लावा. घाणेरीवर फुलपाखरे येतात खरी, पण ती बांध आणि पड जमीन व्यापते. मुद्दाम लावू नका.

२) अंड्यांसाठी : प्रत्येक जातीचे झाड ठरलेले. कढीपत्ता, लिंबू, बेल यांवर लिंबाचे फुलपाखरू, रुईवर वाघ्या रंगाचे, पानफुटीवर लाल-काळे-पांढरे, बहाव्यावर पिवळसर. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेले ब्ल्यू मॉरमॉनही लिंबूवर्गीय झाडांवरच वाढते.

अळी पाने खाणारच. लिंबावरची लहान अळी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. जुने झाड तेवढे सोसते. लिंबाचे नवे रोप असेल तर अळ्या हाताने उचलून कढीपत्त्यावर सोडाव्यात. अंड्यापासून फुलपाखरू व्हायला साधारण तीन-चार आठवडे लागतात. हौदाजवळ थोडी माती ओली ठेवा. तिच्यातले क्षार शोषायला फुलपाखरे जमतात.

आता मुख्य मुद्दा. उसावर फवारणी झाली की पंपात उरलेले औषध परसातल्या झाडांवर मारून टाकायचे, ही सवय पुष्कळ ठिकाणी आहे. खोडकिडीचे औषध अळी मारण्यासाठीच असते. ही अळी उसाची, ती फुलपाखराची, हा भेद त्याला कळत नाही. शिवाय तोच कढीपत्ता आपल्या फोडणीत पडतो आणि तीच तुळस पोरांच्या काढ्यात जाते. म्हणून औषध मोजूनच कालवा, उरेल इतके करूच नका. पंप विहीर-हौदाजवळ धुऊ नका.

उसाचा संबंध असा. खोडकिडीच्या अंड्यांत आपली अंडी घालणारा ट्रायकोग्रामा हा बारीक मित्रकीटक आपण कार्ड लावून शेतात सोडतो. त्याच्या प्रौढ माशीलाही गोड रस मिळाला तर ती जास्त जगते. बांधाकडेला झेंडूची ओळ असली तर तिची सोय होते. मात्र कार्ड लावलेल्या फडात त्याच सुमारास फवारणी केली, तर कार्ड फुकट गेले म्हणून समजा.

यंदा आडसाली लागणीच्या धांदलीतच घरामागे अर्धा गुंठा मोकळा ठेवा. एक कढीपत्ता, एक जास्वंद, एक पानफुटी आणि झेंडूची चार वाफे रोपे एवढ्याने सुरुवात होते. घरातल्या मुलांना कोणत्या झाडावर कोणती अळी दिसली ते वहीत लिहायला सांगा. गट कार्यालयात येताना ती वही जरूर आणावी.

— ऊस विकास अधिकारी