रक्तस्राव : रुग्णवाहिका येण्यापूर्वी

मोठ्या जखमेतून वाहणारे रक्त थांबविणे हे डॉक्टरांचे काम होय, आपण जखमीस फक्त दवाखान्यात पोहोचवावे, अशी समजूत खेड्यांतून अद्याप दृढ आहे. अपघातवैद्यकात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जे ज्ञान हाती आले, त्याने ही समजूत सर्वस्वी चुकीची ठरविली आहे. कडबाकुट्टीत हात सापडलेला, किंवा मांडीवर कोयत्याचा घाव बसलेला मनुष्य दवाखान्याच्या दारापर्यंत जिवंत पोहोचावयाचा असेल, तर रक्त जागच्या जागीच थांबले पाहिजे. म्हणून हा पाठ उच्च प्राथमिक वर्गांस द्यावयाचा आहे.

प्रथम मापाची कल्पना द्यावी. प्रौढाच्या शरीरात सुमारे ५ लीटर रक्त असते. मुलांत वजनाच्या दर किलोमागे साधारण ७५ मिलिलीटर. तेव्हा २० किलो वजनाच्या मुलाच्या अंगात किती, हे गणित विद्यार्थ्यांकडूनच करवून घ्यावे. दीड लीटर हे उत्तर येताच वर्गात जी शांतता पसरते, ती पुष्कळ शिकवून जाते. मांडीची मुख्य रोहिणी तुटली तर काही मिनिटांतच प्राण जाऊ शकतो.

पहिला उपाय म्हणजे दाब. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून, कोपर ताठ करून, दोन्ही तळव्यांनी अंगाचा भार टाकावा. हातापायाची जखम खोल असल्यास कापड आत ठासून भरावे व मग दाबावे. रक्त थांबले की नाही, हे कापड उचलून पाहण्याचा मोह प्रत्येकास होतो, तो आवरावा. भिजलेल्या कापडावर दुसरे ठेवावे. हळद, चुना, तंबाखू किंवा माती जखमेत भरू नये. रुतलेली वस्तू उपसू नये, तिच्या भोवतीने दाबावे.

दाबाने रक्त थांबत नसेल, तर हातापायाच्या जखमेस आवळपट्टी बांधावी. या साध्या साधनाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. फ्रेंच शल्यवैद्य पेती याने १७१८ साली स्क्रूने आवळावयाची पट्टी तयार केली. परंतु पहिल्या महायुद्धात बारीक दोऱ्यांनी आवळलेले अवयव तासन् तास तसेच राहिले, हातपाय गमवावे लागले, आणि आवळपट्टी बदनाम झाली. प्रथमोपचाराच्या पुस्तकांनी तिला अगदी शेवटचा उपाय ठरविले. शिवाय ती मधून मधून सैल करावी, असेही सांगितले. १९९६ मध्ये अमेरिकन लष्करी वैद्यांनी या मताचा फेरविचार केला. पुढे २००६ साली बगदादच्या लष्करी रुग्णालयात आलेल्या २३२ जखमींची पाहणी झाली. रक्तदाब ढासळण्यापूर्वी पट्टी बांधलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचले; ढासळल्यानंतर बांधलेल्यांपैकी सुमारे १० टक्के. केवळ पट्टीमुळे एकाचाही अवयव गेला नाही. जुन्या पुस्तकांतील इशारा मात्र अजूनही जसाच्या तसा छापला जातो, हे खेदाने नमूद करावे लागते.

पट्टी निदान दीड इंच रुंद असावी. सुतळी किंवा तार वापरू नये. जखमेच्या वर, म्हणजे धडाच्या बाजूस, दोन-तीन इंचांवर ती बांधावी, सांध्यावर बांधू नये. गाठीत काठी घालून रक्त थांबेपर्यंत पिळावी. जखमी ओरडेल, वेदना होतील, तरी डॉक्टरांनी सोडेपर्यंत सैल करू नये. बांधल्याची वेळ लिहून ठेवावी.

येथे शिक्षकांनी एक भेद अत्यंत स्पष्ट केला पाहिजे. सर्पदंशास आवळपट्टी कदापि बांधू नये. घोणस किंवा फुरसे यांच्या विषाने मांस सडू लागते आणि बांधल्याने ते विष एकाच ठिकाणी कोंडते. दंश झालेला अवयव हलू न देता रुग्णास त्वरित दवाखान्यात न्यावे. ‘बांधावे’ एवढाच शब्द मुलांच्या ध्यानात राहिला, तर या पाठाने हितापेक्षा अहितच व्हावयाचे.

वेळेची नोंद कशासाठी, असे विद्यार्थी विचारतील. जपानमधील ओकामोतो दांपत्याने १९६० च्या दशकात शोधलेले ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड हे औषध झालेली गुठळी विरघळू देत नाही. ४० देशांतील २०,२११ जखमींवर त्याची चाचणी झाली, तीत भारतातील रुग्णालयेही होती. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार हे स्वस्त औषध मृत्यू कमी करते. मात्र पुढील विश्लेषणात असे दिसले की, ते तीन तासांच्या आत मिळाले पाहिजे, उशिरा दिल्यास अपाय संभवतो. जखम केव्हा झाली हे सांगणारा माणूस म्हणूनच डॉक्टरांस हवा असतो.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. गाव, तालुका आणि ठळक खूण सांगण्याचा सराव मुलांकडून करवून घ्यावा. एकाच नावाची गावे अनेक असतात. पोलिसांच्या चौकशीची भीती पालक बोलून दाखवतील. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आले. रस्त्यावरील अपघातग्रस्तास सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्यामुळे दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही, हे त्यांस सांगावे.

प्रात्यक्षिकासाठी मुलांचे हातपाय आवळू नयेत. गुंडाळलेली चटई हा पाय समजावा, उपरणे ही पट्टी आणि फूटपट्टी ही काठी. पाव लीटर पाण्यात कुंकू कालवून ते जुन्या धोतरावर ओतावे. एवढेसे पाणी केवढे पसरते, हे प्रत्येकाने एकदा पाहिलेले असावे.