सोळाशे मीटर आणि तीन वर्षांची पदवी

बारावीचा निकाल लागला की सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांतल्या अनेक घरांत तोच वाद सुरू होतो. आई म्हणते, आधी कॉलेजात नाव घाल. मुलगा म्हणतो, भरती निघाली की जातो, कॉलेजचं नंतर बघू. शेवटी तोडगा निघतो: बीएच्या पहिल्या वर्षाला नाव घालायचं आणि पहाटे ग्राउंडवर पळायचं. ऐकायला हा तोडगा शहाणपणाचा वाटतो. खटाव तालुक्यातल्या एका तरुणाची उमेदीची वर्षं मात्र त्यातच गेली, आणि आता तो गावातल्या दहावी-बारावीच्या मुलांना बसवून हे सगळं सविस्तर सांगतो.

त्याचा चुलता मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाला. घरात पेन्शन येत होती, कॅन्टीनचं कार्ड होतं, गावात शब्दाला वजन होतं. फौज म्हणजे हे सगळं, असंच पोराच्या मनात होतं. त्यात नवल काही नाही. ज्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे, जिथे पहिल्या महायुद्धात पडलेल्या ४६ जवानांचं स्मारक उभं आहे, तिथल्या मुलाला फौजेची ओढ कुणी शिकवावी लागत नाही. पण चुलत्याची फौज आणि पुतण्यापुढची फौज यांच्यामध्ये १४ जून २०२२ ही तारीख आहे. त्या दिवशी अग्निपथ योजना जाहीर झाली आणि शिपायाच्या भरतीच्या अटी मुळापासून बदलल्या. चुलता भरती झाला तेव्हा १५ वर्षं नोकरी झाली की पेन्शन पक्की होती. पुतण्यासमोरचा करार चार वर्षांचा होता. घरात हे कुणी नीट वाचलंच नाही.

तालुक्याच्या गावी एका भरती अकॅडमीत त्यानं नाव घातलं. राहायला पत्र्याची शेड, जेवायला मेस, पहाटे साडेचारला शिट्टी. काही महिन्यांत तो सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारू लागला. पोरांच्या भाषेत ‘एक्सलंट’मध्ये. दहा बीम (पुल-अप्स) सहज निघायचे. २०२३ च्या भरतीत या दोन गोष्टींना अनुक्रमे ६० आणि ४० गुण होते, म्हणजे ग्राउंडचे शंभरपैकी शंभर त्याच्या पायांत आणि दंडांत तयार होते. पण त्याच वर्षापासून क्रम उलटला होता. आधी ऑनलाइन लेखी परीक्षा, तिच्यात निवड झाली तरच ग्राउंडच्या रॅलीला बोलावणं. अकॅडमीत ग्राउंड रोज आणि गणिताचा तास कधीतरी. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात, हेही त्याला पहिल्या पेपरनंतर कळलं. अख्ख्या अकॅडमीत पहिल्या पाचांत पळणारा हा मुलगा रॅलीच्या मैदानावर कधी पोचलाच नाही. ज्यांना तो रोज मागे टाकायचा त्यांतले काहीजण लेखी काढून आत गेले.

तिकडे कॉलेज फक्त फीच्या पावतीपुरतं उरलं. हजेरी नाही, इंग्रजीची केटी, पुढच्या वर्षी आणखी दोन. त्याला आज सगळ्यांत जास्त बोचतं ते वेगळंच. त्याच कॉलेजात एनसीसीचं युनिट होतं. पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला निवड होती, धावणं होतं, आणि त्यात त्याला कुणी अडवू शकलं नसतं. पण त्या आठवड्यात तो अकॅडमीत होता. पुढे वयाची मर्यादा ओलांडली, पदवी अर्धवट राहिली, आणि घरी कुणी काही न बोलताही जेवताना मान खाली जाऊ लागली.

या मुलाला आळशी म्हणणं अन्यायाचं होईल. मेहनत त्यानं दुप्पट केली. फक्त कुठल्या परीक्षेसाठी करतोय, याचा कागद समोर ठेवला नाही. म्हणून त्याचं पहिलं सांगणं असतं की जाहिरात स्वतः वाचा. अकॅडमीच्या बोर्डावरचा किंवा मोबाइलवर फिरणारा मजकूर पुरेसा नाही. भारतीय सेनेच्या भरतीच्या अधिकृत संकेतस्थळावरची त्या वर्षीची जाहिरातच पाहा. योजना आली तेव्हा वयाची अट साडेसतरा ते २१ अशी होती. कोविडमध्ये भरती बंद राहिली म्हणून फक्त २०२२ साठी ती २३ केली गेली. त्या एका सवलतीच्या आशेवर अनेकजण पुढची वर्षंही थांबून राहिले. गुण, गट, पात्रता यांतही फरक पडत असतो, त्यामुळे गेल्या वर्षी भरती झालेल्या मित्राचा अनुभव यंदाच्या जाहिरातीची जागा घेऊ शकत नाही.

आता पैशाचं. अग्निपथमधून भरती झालेल्या शिपायाचं, म्हणजे अग्निवीराचं, पॅकेज पहिल्या वर्षी महिना ३०,००० आणि चौथ्या वर्षी ४०,००० रुपये ठरवलेलं आहे. त्यातले ३० टक्के सेवा निधीत कापले जातात, म्हणजे हातात पहिल्या वर्षी २१,००० आणि चौथ्या वर्षी २८,००० येतात. शिवाय जागेनुसार मिळणारे भत्ते असतात. जेवढे कापले तेवढेच सरकार घालतं आणि चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये करमुक्त मिळतात. विमा ४८ लाखांचा आहे, त्याचा हप्ता जवानाला भरावा लागत नाही. विशीतल्या मुलाला राहणं-खाणं सांभाळून एवढी शिल्लक बाहेर क्वचितच पडते, हे मान्य करायलाच हवं.

पण त्याच कागदावर पुढच्या ओळी आहेत. चार वर्षांत प्रशिक्षणाचे महिनेही धरलेले आहेत. योजनेनुसार तुकडीतल्या जास्तीत जास्त २५ टक्के जवानांना कायम केलं जाणार. बाकीच्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, म्हणजे चुलत्याच्या खिशातलं ते कॅन्टीन कार्डही नाही. स्वतःच्या विनंतीवरून मध्येच बाहेर पडण्याची परवानगी मिळाली तर निधीतला स्वतःचा वाटा मिळतो, सरकारचा नाही. चार वर्षं लग्न करता येत नाही. एकदा खटावच्या तरुणाने हे वाचून दाखवल्यावर एका वडिलांनी विचारलं, मग पाठवायचं की नाही? त्यानं उत्तर दिलं नाही. उलट विचारलं, पोरगा बाविसाव्या वर्षी परत आला तर त्याच्या हातात कागद कोणता असेल?

सगळा निर्णय या प्रश्नावर अडतो. बारावीवर गेलेला जवान परत येतो तेव्हा महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीला बसू शकतो, कारण तिथे बारावी चालते. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत माजी अग्निवीरांसाठी १० टक्के राखीव जागा आणि वयात सवलत २०२२ मध्येच जाहीर झाली. पण फौजदार व्हायचं असेल, राज्यसेवा द्यायची असेल, बँकेत अधिकारी व्हायचं असेल, तर पदवी लागते. ती नोकरीत असतानाच करता येते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठानं अग्निवीरांसाठी तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आखला आहे. त्यात निम्मे श्रेयांक सेवेतल्या कौशल्य प्रशिक्षणाचे धरतात, उरलेले विषयांचे. दहावीवर भरती झालेल्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडून बारावीचं प्रमाणपत्र मिळण्याची सोय आहे. तेव्हा भरती झाली म्हणून पुस्तकं रद्दीत घालू नका. निवड झाल्यावर पहिल्याच सुट्टीत विचारायची गोष्ट म्हणजे या प्रवेशाची प्रक्रिया.

आणि शिपाई हाच एक दरवाजा आहे असं गावाकडे का मानतात, हे कोडं आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (एनडीए) पुण्याजवळ खडकवासल्याला आहे. रविवारी धरणावर गाड्या भरून माणसं जातात, पण तिथली प्रवेश परीक्षा बारावीतला मुलगा देऊ शकतो हे अनेक घरांना ठाऊक नसतं. केंद्रीय लोकसेवा आयोग ती वर्षातून दोनदा घेतो. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. गणिताला ३०० गुण, सामान्य क्षमतेला ६००, मग सेवा निवड मंडळाची (एसएसबी) मुलाखत ९०० गुणांची. भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते; हवाई दल आणि नौदलाला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. मात्र गणिताचा पेपर सगळ्यांना सारखाच, त्यामुळे दहावीनंतर गणित सोडलेल्या मुलाला तो जड जातो. निवड झाली तर तीन वर्षांनी जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते आणि प्रशिक्षणाचा खर्च सरकार करतं. कॉलेज की फौज, हा प्रश्न तिथे उरतच नाही.

मराठी मुलांचा टक्का वाढावा म्हणून राज्य सरकारनं १९७७ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. तिथला प्रवेश दहावीनंतर होतो, अकरावी-बारावी आणि एनडीएची तयारी एकत्र. म्हणजे हा विचार बारावीच्या निकालाची वाट पाहत बसण्याचा नाही. नववी-दहावीतच घरात निघायला हवा. मुलींच्या घरांतही निघायला हवा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर एनडीए मुलींना खुली झाली आणि पहिल्या तुकडीतल्या १७ मुली ३० मे २०२५ ला खडकवासल्याच्या मैदानातून संचलन करत बाहेर पडल्या.

वय एकोणीसच्या पुढे गेलं तरी कॉलेजातून वाट आहे. पदवीनंतर संयुक्त संरक्षण सेवा (सीडीएस) परीक्षा देता येते. एनसीसीचं ‘सी’ प्रमाणपत्र ‘बी’ श्रेणीसह आणि पदवीला ५० टक्के असतील तर विशेष प्रवेशातून लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीपर्यंत जाता येतं, आणि पुढे चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत. शिपाई भरतीतही एनसीसीचे वाढीव गुण मिळतात. म्हणूनच तो तरुण मुलांना बजावतो की एफवायला नाव घालणार असाल तर जुलै-ऑगस्टमध्ये एनसीसीच्या निवडीचा दिवस चुकवू नका, मग अकॅडमीवाला काही म्हणो.

अकॅडमीची फी भरण्याआधी तो आणखी एक गोष्ट करायला लावतो: शरीराची तपासणी. महाराष्ट्रातल्या मुलाला जनरल ड्यूटीसाठी १६८ सेंटिमीटर उंची लागते, क्लार्कसाठी १६२. सपाट तळवे, गुडघे एकमेकांना लागणं, रंग नीट न ओळखता येणं, यांवर मेडिकलमध्ये मुलं बाद होतात, आणि यातलं पुष्कळसं सरकारी रुग्णालयात एका दिवसात कळू शकतं. ओले पाय फरशीवर ठेवून उमटलेला ठसा पाहिला तरी तळव्याचा अंदाज येतो. दंडावर नाव गोंदवून घेण्याआधीही जाहिरातीतला टॅटूचा नियम वाचावा. मनगट ते कोपर एवढा हाताचा आतला भाग आणि तळहाताची मागची बाजू सोडली तर टॅटू सर्वसाधारणपणे चालत नाही. हे आधी कळलं तर दोन वर्षं आणि बापाचे पैसे वाचतात, आणि क्लार्क, टेक्निकल किंवा सरळ शिक्षण, याकडे वेळेत वळता येतं.

तो स्वतः आता मुक्त विद्यापीठातून पदवी पुरी करतोय आणि पोलीस भरतीची तयारी करतोय. पळणं सुटलेलं नाही. फक्त आता दिवसाचे पहिले दोन तास गणिताचे असतात, ग्राउंड संध्याकाळी.

२०२६ च्या अखेरीपासून अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षं पुरी होऊ लागतात. त्यांतली मुलं आपापल्या गावी येतील तेव्हा त्यांना हार घालाच, पण नंतर निवांत बसून विचाराही: कायम होण्यासाठी कशाकशाचे गुण धरले? पदवीचे किती पेपर झाले? पोस्टिंगवर अभ्यासाला वेळ कसा काढला? सेवा निधी कशात गुंतवला? राखीव जागांसाठी अर्ज कुठे केला आणि पुढे काय झालं? बारावीतल्या मुलानं आणि त्याच्या आईवडिलांनी ही उत्तरं एकत्र बसून ऐकावीत, वहीत टिपून घ्यावीत, आणि मगच कॉलेजचा फॉर्म भरायचा की भरतीचा, की दोन्ही, हे ठरवावं.