विजयदुर्गाचा मान आणि हेलियमची खरी गोष्ट

देवगड,
५ ऑगस्ट

चि. सानिका हिस,


हेलियम दिनासाठी लिहिलेलं तुझं भाषण दोनदा वाचलं. भाषा नेटकी आहे, उत्साह तर ओळीओळीत आहे. पण पहिल्याच वाक्याशी मी थांबले. ‘१८ ऑगस्ट १८६८ रोजी आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावरून सर नॉर्मन लॉकयर यांनी हेलियमचा शोध लावला,’ असं तू लिहिलं आहेस. हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा छापून आलंय आणि मोबाइलवरून इतकं फिरलंय, की ते कुणी तपासून पाहत नाही. तू तपासावंस, एवढ्यासाठीच हे पत्र.

त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण होतं, पण त्यासाठी लॉकयर हिंदुस्थानात आलेच नव्हते. ग्रहणाचा पट्टा आपल्या देशावरून गेला, हे मात्र खरं. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिएर जान्सेन त्यासाठी आंध्रातल्या गुंटूरला येऊन राहिले होते. त्यांच्या दुर्बिणीला वर्णपटदर्शक जोडलेला होता, म्हणजे प्रकाश त्याच्या रंगांत फोडून दाखवणारं उपकरण. चंद्राने सूर्यबिंब पूर्ण झाकलं, कडेच्या ज्वाळा दिसू लागल्या आणि त्यांच्या वर्णपटात जान्सेनना झगझगीत रेषा दिसल्या. इतक्या तेजस्वी रेषा ग्रहण नसतानाही दिसायला हव्यात, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हात त्यांनी तसं करून पाहिलं, आणि त्या दिसल्या.

तिकडे लॉकयर लंडनमध्ये याच कल्पनेवर स्वतंत्रपणे काम करत होते. २० ऑक्टोबर १८६८ ला, ग्रहणाशिवाय, त्यांनाही त्या रेषा सापडल्या. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली. पुढे १८७२ साली फ्रान्समध्ये दोघांच्याही प्रतिमा असलेलं पदक काढण्यात आलं. शोधाचं श्रेय दोन देशांनी असं वाटून घेतलं, हे तुझ्या भाषणात नक्की सांग.

आता त्या रेषांतल्या एका पिवळ्या रेषेकडे ये. ग्रहणाच्या वेळी ती अनेकांना दिसली होती आणि बहुतेकांनी ती सोडियमची मानली. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर असतात. ही नवी रेषा ५८७.६ वर होती. फरक जेमतेम दीड नॅनोमीटरचा, आणि नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. लॉकयर यांनी तो फरक दुर्लक्षिला नाही. पृथ्वीवरच्या कुठल्याही ज्ञात मूलद्रव्याशी रेषा जुळेना, तेव्हा सूर्यावर काही नवं, म्हणजे पुढे ज्याला हेलियम म्हटलं ते, असलं पाहिजे, असं त्यांनी मानलं. अनेक रसायनशास्त्रज्ञांना ते पटलं नाही. हातात नमुना नाही, बाटलीत वायू नाही, नुसत्या एका रेषेवर मूलद्रव्य कसं मानायचं? त्यांची शंकाही वाजवीच होती.

ही शंका फिटायला १८९५ साल उजाडलं. लंडनमध्ये विल्यम रॅमसे आरगॉनच्या शोधात होते. युरेनियम असलेल्या क्लीव्हाइट नावाच्या खनिजावर त्यांनी आम्लाची क्रिया केली आणि निघालेला वायू वर्णपटदर्शकासमोर धरला. तीच पिवळी रेषा! युरेनियमच्या खनिजांतून असा निष्क्रिय वायू निघतो, हे हिलब्रँड या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाला आधीच आढळलं होतं. त्याने तो नायट्रोजन समजून सोडून दिला होता.

मग विजयदुर्गाचं काय? विजयदुर्गाचा मान खराच आहे, फक्त तो वेगळ्या दिवसाचा आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी लॉकयर स्वतः किल्ल्यावर आले होते. ‘मेल्पोमेनी’ या ब्रिटिश युद्धनौकेचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. सुमारे दोन मिनिटांच्या त्या काळोखासाठी केवढी तयारी केली असेल, याचा विचार कर. गडावर आपण ज्यांना साहेबांचे ओटे म्हणतो, त्यांची गोष्ट सांगायची तर ती या ग्रहणाची सांग. हेलियम पृथ्वीवर सापडून तोवर तीन वर्षं होत आली होती. त्याआधी १८७१ च्या ग्रहणालाही लॉकयर आपल्या देशात आले होते, पण तेव्हा ते केरळातल्या बेकल किल्ल्यावर होते.

पुढची गोष्ट तर तुझ्या वर्गाला अगदी जवळची वाटेल. युरेनियम आणि थोरियमच्या अणूंतून जे अल्फा कण बाहेर पडतात, ते म्हणजे हेलियमची अणुकेंद्रंच. रुदरफर्ड आणि रॉइड्स यांनी १९०८-०९ मध्ये ते कण काचेच्या नळीत साठवून दाखवले आणि त्यांची साक्षही त्याच पिवळ्या रेषेने दिली. सूर्याच्या वस्तुमानाचा साधारण पाव हिस्सा हेलियमचा आहे, आपल्या हवेत मात्र दहा लाख भागांत तो जेमतेम पाच भाग असतो. १९०८ साली कॅमरलिंग ओनेस यांनी नेदरलँड्समधल्या लायडनला तो द्रवरूप केला. हा द्रव उणे २६९ अंश सेल्सिअसला उकळतो. रुग्णालयातल्या बहुतेक एमआरआय यंत्रांचं चुंबक याच द्रवाने थंड ठेवतात. त्या थंडीत चुंबकाच्या वेटोळ्यांचा विद्युतरोध नाहीसा होतो, म्हणूनच इतकं प्रबळ चुंबक चालू शकतं. मेंदू किंवा मणका न कापता आत पाहता येतं, त्यामागे सूर्यात आधी ओळखलेला हा वायू आहे.

एक ताकीद देते. आवाज बारीक करायला मुलं हेलियम हुंगतात, ते तू कधी करू नकोस आणि कुणाला करू देऊ नकोस. फुफ्फुसांत तो शिरला की ऑक्सिजनची जागा घेतो, आणि थोड्याच श्वासांत माणूस बेशुद्ध पडून दगावू शकतो. भाषणात हे आवर्जून सांग.

सानिका, तुझ्या फोनवर रोज अशा नवलाच्या गोष्टी येतील. माणूस मेंदूचा दहाच टक्के वापर करतो, चीनची भिंत चंद्रावरून दिसते... यातली एकही खरी नाही. प्रत्येक गोष्टीला तीन प्रश्न विचार. हे कोणी पाहिलं? कशाने पाहिलं? दुसऱ्या कोणी ताडून पाहिलं का? ज्या पिवळ्या रेषेला सोडियम म्हणून आणि ज्या वायूला नायट्रोजन म्हणून लोक सोडून देत होते, तिथे कुणीतरी हेच प्रश्न विचारले, म्हणून हेलियम हाती लागला. चौकशीने नवल मरत नाही, उलट वाढतं. गुंटूर, लंडन, विजयदुर्ग आणि दवाखान्यातलं यंत्र एका रेषेने जोडलेलं दिसणं, यात ‘आपल्या गडावर शोध लागला’ या एका वाक्यापेक्षा कितीतरी जास्त आनंद आहे.

कोणी म्हणेल, तू गावाचा मान कमी केलास. त्यांच्याशी वाद घालू नकोस. अदबीने १८९८ ची गोष्ट सांग. तारीख विचारल्याबरोबर पडतो, असला मान आपल्या गडाला देऊ नये. जे घडलं त्याचाच अभिमान टिकतो.

आता वही काढ आणि भाषणाची सुरुवात नव्याने लिही. जुन्या सीडीवर ट्यूबलाइटचा प्रकाश तिरपा घेऊन रंग कसे फुटतात, ते वर्गाला दाखव. सूर्य मात्र त्यात पाहायचा नाही, डोळ्यांना इजा होते. नवा मसुदा रविवारच्या आत पाठव, मी वाचून लगेच कळवते.

तुझी,
आत्या