एक वाटी म्हणजे किती ग्रॅम?

मित्रांनो, वस्तू मोजायचे दोन प्रकार आहेत. एक वजन आणि दुसरे माप. दुकानात काट्यावर करतात ते वजन. घरी आई वाटीने घेते ते माप.

पूर्वी धान्य मापानेच मोजत. माझी आजी सांगते, दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर आणि चार शेर म्हणजे एक पायली. पुढे १९५६ साली भारतात वजनमापांचा नवीन कायदा झाला. १९५८ पासून हळूहळू किलो आणि ग्रॅम आले. तरी स्वयंपाकघरात वाटी राहिलीच.

आता कोणी विचारेल, एक वाटी म्हणजे किती ग्रॅम? याचे एकच उत्तर नाही. ते वाटीत काय आहे त्यावर आहे. आम्ही २०० मिलिलिटर पाणी मावेल अशी वाटी घेतली. रिकामी वाटी ठेवून काटा शून्यावर आणला. मग एकेक जिन्नस भरून वरून पट्टीने सपाट केला. शीग ठेवली नाही आणि वाटी ठोकली पण नाही. वजने साधारण अशी आली :

पाणी – २०० ग्रॅम
तांदूळ – १६० ग्रॅम
तूरडाळ – १६० ग्रॅम
रवा – १४० ग्रॅम
जाडे पोहे – ८० ग्रॅम
ओट्स – ७० ग्रॅम
कुरमुरे – २० ग्रॅम

असे का होते? दाण्यांच्या फटीत हवा असते. पोहे आणि ओट्स चपटे, म्हणून त्यांच्यात फटी जास्त. कुरमुऱ्याच्या तर पोटात पण हवा असते! म्हणून ४० ग्रॅम तांदूळ पाव वाटी होतात, पण ४० ग्रॅम ओट्स अर्ध्या वाटीहून जास्त होतात.

आता शाळेच्या पोषण आहाराचा हिशोब करू. नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ मिळते. समजा ४० मुले हजर आहेत.

तांदूळ : ४० × १०० = ४००० ग्रॅम. ४००० ÷ १६० = २५ वाट्या.
डाळ : ४० × २० = ८०० ग्रॅम. ८०० ÷ १६० = ५ वाट्या.

म्हणजे पाच वाट्या तांदळाला एक वाटी डाळ. एवढ्यात आठ मुले जेवतात. हे तोंडी लक्षात ठेवायला सोपे आहे.

पण वाटी बदलली तर? १५० मिलिलिटरच्या वाटीत १२० ग्रॅमच तांदूळ मावतात. तिने २५ वाट्या घेतल्या तर ३ किलोच भरतात. एक किलो कमी, म्हणजे दहा मुलांचा वाटा गेला. तेव्हा कोणी एकटा उपाशी राहत नाही. सगळ्यांच्याच ताटात थोडे थोडे कमी पडते, म्हणून ते कोणाला कळत पण नाही. वाट्या तर बरोबर २५ मोजलेल्या असतात!

म्हणून मोजायची वाटी एकच ठेवावी आणि ती एकदा काट्यावर तपासावी. पालकांनो, तुम्ही पण घरची वाटी दुकानात नेऊन बघा. किती ग्रॅम तांदूळ मावतात ते कागदावर लिहून डब्याला चिकटवा.

जाता जाता एक गणित : ७०० ग्रॅम रव्याचा शिरा करायचा आहे. आमच्या वाटीने किती वाट्या रवा घ्याल?

– इयत्ता चौथी, बेलवली