मनोरुग्णाची परिचर्या : ऐकण्याचे कसब आणि नीतीचा विवेक

परिचारिका म्हटली की इंजेक्शन, सलाईन, थर्मामीटर या गोष्टी आपल्या डोळ्यांसमोर येतात. मनोरुग्णांच्या वॉर्डात मात्र परिचारिकेचे मुख्य साधन म्हणजे तिचे बोलणे आणि ऐकणे होय. हा विचार शास्त्रशुद्ध रीतीने मांडला तो हिल्डेगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन परिचारिकेने. परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील नाते हाच उपचाराचा गाभा आहे, असे सांगणारा त्यांचा ग्रंथ १९५२ साली प्रसिद्ध झाला. हस्तलिखित चार वर्षे आधीच तयार होते. परंतु डॉक्टर सहलेखक नसताना एका परिचारिकेने असे पुस्तक लिहावे, हे त्या काळी पचण्यासारखे नव्हते!

आपल्या अनेक सभासदांच्या मुली, आणि आता मुलगेही, परिचर्येच्या अभ्यासक्रमाला आहेत. त्यात मानसिक आरोग्य परिचर्या हा विषय असतो व काही दिवस मनोरुग्णालयात कामही करावे लागते. त्यांना उपयोगी पडेल एवढेच येथे मांडतो.

डॉक्टर राऊंडला काही मिनिटे येतात. सिस्टर पूर्ण पाळी तेथेच असते. म्हणून रुग्ण मन मोकळे करतो ते बहुधा तिच्यापाशी. एखादी बाई म्हणते, "सिस्टर, जिवाची नुसती घालमेल होतेय." यावर "काही होत नाही, झोपा आता" असे उत्तर दिले की दार बंद झाले. "कधीपासून असं होतंय, मावशी?" एवढे विचारून गप्प बसावे. हे गप्प बसणे फार कठीण असते, ते सरावानेच येते. दुसरा रुग्ण सांगतो की शेजारी माझ्या जेवणात विष कालवतात. त्याला होकार देऊ नये आणि वादही घालू नये. "मला तसं दिसत नाही, पण तुम्हाला खूप भीती वाटतेय हे कळतंय," असे म्हणता येते. त्यात खोटे काही नाही आणि अपमानही नाही. मानाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, साठीच्या माणसाला केवळ तो मनोरुग्ण आहे म्हणून 'ए, ऊठ रे' म्हणणे मला नीतीचाच प्रश्न वाटतो. आपल्या भाषेत 'तुम्ही' हा शब्द आहे, तो वॉर्डाच्या दारात का राहावा?

आता खरी कसोटी पाहू. रात्रपाळीला एक तरुण रुग्ण म्हणतो, "एक सांगतो, पण शपथ घ्या, कुणाला सांगणार नाही." अशी शपथ परिचारिकेने कधीही घेऊ नये. "तुमच्या जिवाला धोका असेल तर मला डॉक्टरांना सांगावं लागेल; बाकी गोष्ट उगाच कुणाच्या कानावर जाणार नाही," असे आधीच स्पष्ट सांगावे. समजा तो दोन गोष्टी सांगतो. दुसऱ्या जातीतील मुलीवर त्याचे प्रेम आहे, आणि रोजच्या गोळ्या न गिळता त्याने साठवून ठेवल्या आहेत. येथे "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. त्याला एकटे सोडू नये, गोळ्या ताब्यात घ्याव्यात, डॉक्टरांना लगेच कळवावे, केसपेपरवर लिहावे. आणि आपण हे कळवीत आहोत, हे त्यालाही सांगावे. मुलीची गोष्ट वेगळी. उपचारासाठी लागेल तेवढीच ती उपचार करणाऱ्यांपुरती राहील. भेटीच्या वेळी आलेल्या काकांनी कितीही खोदून विचारले तरी त्यांना ती सांगायची नाही. आम्हा बँकवाल्यांना हे लवकर उमजते, कारण खातेदाराची शिल्लक आम्ही त्याच्या सख्ख्या भावालाही सांगत नाही. कायद्याने मागितली तर मात्र द्यावी लागते.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ या दोन्ही बाजू जपतो. गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. मात्र उपचार करणाऱ्यांना आवश्यक माहिती देता येते आणि जिवावरचा धोका टाळण्यासाठी लागेल तेवढीच माहिती उघड करता येते. २९ मे २०१८ पासून हा कायदा अमलात आहे.

याच कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास पूर्ण बंदी केली. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका खाजगी आश्रयगृहाला आग लागली व २८ मनोरुग्ण मृत्यू पावले. साखळ्यांमुळे त्यांना पळता आले नव्हते. आज रुग्णाला आवरून धरणे वा बांधणे हा अगदी शेवटचा उपाय आहे. त्याला किंवा इतरांना तात्काळ इजा होण्याचा धोका असेल, दुसरा मार्गच नसेल आणि प्रभारी मनोविकारतज्ज्ञांची परवानगी असेल तरच तो करता येतो. आणि तोही गरजेपुरताच वेळ, सतत देखरेखीखाली. कारण व कालावधी लगेच नोंदवायचा आणि रुग्णाने नेमलेल्या प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवायचे. शिक्षा म्हणून बांधणे तर नाहीच नाही.

माणसे कमी आहेत, हे कारणही कायद्याला मान्य नाही. रात्री भरलेल्या वॉर्डात एकटी सिस्टर असते, तेव्हा हे वाक्य तिला टोचत असणार! वास्तविक ही जबाबदारी संस्थेची आहे. पण काही घडले की बोट तिच्याकडेच दाखवले जाते. म्हणून पाळीवर किती जणी होत्या, कोणाला किती वाजता कळवले, काय उत्तर आले, हे तिने त्याच रात्री रिपोर्टच्या वहीत वेळ घालून लिहावे आणि सकाळी पाळी देताना पुढच्या सिस्टरला तोंडीही सांगावे.